आपापला वेग

धावणे ही काही शिकवावी लागणारी विद्या नव्हे. मूल चालू लागते आणि थोड्याच दिवसांत धावू लागते. पाखराला पाहून धावते, आईला पाहून धावते. कधी कधी तर काहीच कारण नसता धावते. पुढे शाळेत आखलेल्या रेषेवर त्याला उभे करतात, शिटी वाजते, आणि धावणे ही आनंदाची गोष्ट न राहता क्रमांकाची गोष्ट होते. क्रमांकही हवेतच, त्यांच्यावाचून शर्यतीला रंग चढत नाही. परंतु पहिले तिघे सोडले, तर बाकीच्यांनी धावावे कशासाठी? एका उन्हाळ्यात माझ्या नातीने हाच प्रश्न मला विचारला.

मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाल्यावर मी पालघरजवळच्या कोळगावात राहू लागलो. २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे त्याचे मुख्यालय आमच्या कोळगावात आले. नव्या इमारती उभ्या राहिल्या. तरी पूर्वेकडची डोंगरांची रांग आणि पश्चिमेकडून येणारा खारा वारा पूर्वीसारखाच आहे. पहाटेच्या त्या वाऱ्यात तासभर धावणे हा माझा साठीनंतरचा छंद. शर्यत जिंकण्याचे वय केव्हाच मागे पडले. धावण्याचे मात्र पडलेले नाही.

माझी बारा वर्षांची नात परीक्षा आटोपून एप्रिलमध्ये आमच्याकडे आली. शाळेच्या शर्यतीत ती शेवटची आली होती आणि मुले तिला हसली होती. "आजोबा, मी आता कधीच धावणार नाही. शेवटचेच यायचे, तर धावायचे कशाला?" ती म्हणाली. मी वाद घातला नाही. "नको धावूस. सायकलवर माझ्याबरोबर ये. माझी पाण्याची बाटली घ्यायला कोणीतरी हवेच आहे," एवढेच मी म्हणालो.

चार दिवस ती सायकलवरून आली. पाचव्या दिवशी माझ्या संथ चालीचा तिला कंटाळा आला आणि सायकल घरी ठेवून ती धावू लागली. पहिल्या वळणापर्यंत बाणासारखी सुटली आणि तेथेच धापा टाकीत बसली. तेव्हा मी तिला एक नियम सांगितला : बरोबरच्या माणसाशी बोलता येईल एवढ्याच वेगाने धावावे. बोलताना वाक्य तुटू लागले, की समजावे, स्नायूंना प्राणवायू पुरविताना हृदयाची व फुप्फुसांची ओढाताण होत आहे. आमच्या किनारपट्टीवर तर हा नियम कसोशीने पाळावा लागतो. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. पण दमट हवेत तो लवकर वाळत नाही, नुसताच ओघळतो, आणि अंग तापत राहते. म्हणून आम्ही सूर्योदयापूर्वीच निघत असू. परत आल्यावर तिची आजी लिंबाचे सरबत पुढे ठेवीत असे.

रविवारी घरची सारी मंडळी केळव्याच्या समुद्रकिनारी जात असू. सुरूच्या सावलीत शिदोरी ठेवायची आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर धावायचे. कोरड्या वाळूत पाऊल रुतते. ओल्या वाळूत कणांमधले पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवते, म्हणून ती पायांखाली घट्ट लागते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे एका रविवारी जेथे ओहोटी, तेथे पुढच्या रविवारी त्याच वेळेस जवळजवळ भरती! हे गणित नातीनेच मांडून दाखविले. आमच्या शर्यतीत तिच्या धाकट्या भावाला शंभर पावलांची सवलत असे, आणि निकालावरून भांडण सुरू होण्यापूर्वीच एखादी लाट शेवटची रेघ पुसून टाकीत असे.

एकदा ताडगोळे खाताना मी तिला बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांची गोष्ट सांगितली. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले. दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताने तेथे प्रथमच आपला संघ पाठविला. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ किलोमीटरांहूनही अधिक होते. चौगुले ते सारे अंतर धावले आणि एकोणिसावे आले.

"एकोणिसावे?" नात हिरमुसून म्हणाली. थोडा वेळ लाटांकडे पाहून तिने विचारले, "मग इतक्या वर्षांनी तुम्हांला त्यांचे नाव कसे ठाऊक?"

"ते शेवटपर्यंत धावले म्हणून," मी म्हणालो.

महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, गावातील तरुणांनी पाच किलोमीटरांची शर्यत ठेवली होती. आदल्या रात्री नातीने आपण होऊन सांगितले, "आजोबा, आपली दोघांची नावे द्या." शिटी वाजताच मुले सुसाट सुटली; आम्ही दोघे अगदी मागे राहिलो. तिचा चेहरा उतरला. "पुन्हा हसतील," ती पुटपुटली. "हसू देत. तू सतराचा पाढा म्हण," मी म्हणालो. पाढे म्हणता म्हणता तिचा श्वास स्थिर झाला. तिसऱ्या किलोमीटरानंतर पुढे गेलेल्यांपैकी काही जण कमरेवर हात ठेवून चालताना दिसू लागले. शेवटच्या वळणावर तिने विचारले, "आजोबा, मी पुढे जाऊ?" "जा," मी म्हणालो, आणि पाहता पाहता ती दिसेनाशी झाली.

"कितवी आलीस ग?" आजीने तिला विचारले.

"मोजायचे राहूनच गेले. पण आजी, मी कुठेही थांबले नाही!"

मेअखेरीस आम्ही काळदुर्ग चढलो. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे. वारली बांधव वाघोबाला देव मानतात. त्याला नमस्कार करून आम्ही वाट धरली. डोंगरात आमचा नियम असा, की जो सर्वांत संथ, त्याने पुढे चालायचे. म्हणून आजी पुढे झाली. वाटेत करवंदाच्या जाळ्या लागत होत्या. मी वळून पाहिले, तर नात सर्वांच्या मागे होती. "दमलीस का?" मी विचारले. "नाही. मागे कोणी राहू नये, म्हणून मी शेवटी चालते आहे," ती म्हणाली. माथ्यावरच्या चौकोनी कातळाशी आम्ही सारे पोहोचलो, तेव्हा दूर पश्चिमेला समुद्राची रेघ चमकत होती.

मुलांनो, पहिला येण्याची इच्छा जरूर धरा. तीत गैर काहीच नाही. पण पहिली जागा एकालाच मिळते. काल जेथे दम लागला, तेथून आज चार पावले पुढे जाणे, आणि जमेल तेव्हा कोणाच्या तरी सोबतीने जाणे, हे मात्र प्रत्येकाला साधते. बाकीच्यांनी धावावे ते यासाठी.