नांगराच्या वाडीत ॲडम स्मिथ

पुणे-मिरज लोहमार्गावरच्या किर्लोस्करवाडी स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. किर्लोस्करांचा कारखाना येण्याआधी इथं निवडुंग आणि साप यांखेरीज फारसं काही नव्हतं. विद्यापीठातला ॲडम स्मिथवरचा उन्हाळी अभ्यासवर्ग नुकताच संपला होता, म्हणून पिशवीत ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ होतंच. वर्गात फिरून फिरून उदाहरण एकच, टाचण्यांच्या कारखान्याचं. अठरा कामं दहा माणसांत वाटली की दिवसाला ४८,००० टाचण्या, आणि एकेकट्यानं केल्या तर वीससुद्धा नाहीत. १७७६ सालच्या स्कॉटिश माणसाला टाचणी शोभते. आपल्याकडे नांगर आहे, तो पाहावा म्हणून उतरलो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगर केला. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत. लाकडी नांगराचा फाळही लोखंडाचाच असतो, पण ते असो. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणायला मी तयार नाही. जड नांगराला बैल जास्त लागतात, आणि फसला तर अख्खा हंगाम जातो. शेतकरी अडाणी नसतो, हे स्मिथनं ओळखलं होतं. नांगरणारा, पेरणारा आणि कापणारा बहुधा एकच असतो, म्हणून त्याची समज कारागिरापेक्षा सरस, असं त्याचं मत.

बाजार जेवढा मोठा, तेवढी कामाची विभागणी पुढं जाते, हा स्मिथचा सिद्धान्त. इथं बाजारच नव्हता; हात दिला तो संस्थानिकांनी. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ही माळरानाची जमीन दिली, वर बिनव्याजी कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये वाडी वसली. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात हेच बजावलं होतं: विलायती अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सरसकट लागू पडत नाहीत, उद्योग उभे करायला सरकारचा हात लागतो. रानडे ज्याला उद्देशून बोलले, त्या इंग्रज सरकारनं ते मनावर घेतलं नाही. घेतलं ते एका छोट्या संस्थानानं.

कुंडल गाव स्टेशनापासून थोडं आत आहे. डोंगरावर पार्श्वनाथाची जैन देवस्थानं आहेत. ऊन फार होतं, त्यामुळं खालूनच पाहिली. गावात मात्र रेंगाळलो, कारण इंग्रजांना आव्हान देणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे ठाणं आणि त्याच्या तुफान सेनेच्या जी. डी. बापू लाडांचं हे गाव. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी गाडी तुफान सैनिकांनी लुटली, ती मी आलो त्याच लोहमार्गावर. कुंडल औंध संस्थानात होतं. १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानं, या संस्थानानं राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवला होता. इंग्रजांच्या पोलिसांना इथं मोकळं रान नव्हतं. इंग्रजांचं राज्य हिंदुस्थानात सुरू झालं ते ईस्ट इंडिया कंपनीचं, आणि व्यापाऱ्यांच्या कंपनीचं राज्य कुठल्याही देशाला बहुधा सगळ्यांत वाईट, असं स्मिथनं लिहिलं आहे. अभ्यासवर्गात हे पान कुणी उघडलं नाही.

गावाबाहेर एका गोठ्याला जुना लोखंडी नांगर टेकवलेला दिसला. माती पलटणारा वाकडा पत्रा गंजून तांबडा झालेला, फाळ मात्र नंतर बसवलेला, वेगळ्या रंगाचा. दोन बोल्ट काढले की फाळ तेवढा बदलता येतो. ओतणारा, भोकं पाडणारा आणि जोडणारा वेगवेगळे असले, तरी सगळ्यांनी एकाच मापानं काम केलं, की असे सुटे भाग एकमेकांत बसतात. टाचणी राहू द्या, स्मिथ शिकवायचा तर हा बोल्ट दाखवावा.

गोठ्याचे मालक, सत्तरीचे आजोबा, माझ्या पिशवीतलं पुस्तक उलटंपालटं करून बघत होते. “मास्तर, तुमचा ह्यो सायेब उसाबद्दल काय बोललाय का न्हाई?”

बोलला आहे. वेस्ट इंडिजचे मळेवाले म्हणत, की लागवडीचा सगळा खर्च मळी आणि रम यांतूनच निघतो, साखर हा निव्वळ नफा. स्मिथनं हे लिहिलंय, पण खरं असेल तर, अशी पुस्ती जोडून. तिथं राबणारे गुलाम होते, हेही मी सांगितलं.

आजोबा मळीपाशीच अडले. “म्हंजे मळीचा पैसा तवाबी धरत हुते! आमी किती वर्सं वरडतोय, उसाचा दर काढताना मळी धरा, इथेनॉल धरा.” मग त्यांनी नातवाला हाक मारून ते पान मोबाइलवर काढून घ्यायला सांगितलं.