मोटारीची नोंदवही

सरकारी मोटारींची देखभाल हा काही निबंधाचा विषय नव्हे, असे कोणी म्हटल्यास मी त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु माझ्या आयुष्याची पुष्कळ वर्षे नागपुरातील एका कचेरीच्या मोटारी सांभाळण्यात गेली. आणि सांभाळणे म्हणजे काय, याविषयीची माझी समजूत किती उथळ होती, हे मला तेथेच कळले.

प्रत्येक सरकारी मोटारीबरोबर एक नोंदवही असते. निघताना मापकावर किती किलोमीटर होते, परतताना किती झाले, कोण बसले, कोणत्या कामासाठी गेले, डिझेल किती भरले, हे सारे तीत लिहावयाचे व बसणाऱ्याने सही करावयाची. महिनाअखेर एका लिटरात गाडी किती धावली याचा हिशेब मी काढीत असे. सीताबर्डीच्या बाजारात गेलेली मोटार वहीत ‘शासकीय काम’ आटोपून परतते, हे सर्वांस ठाऊक असते. पण बेरीज जुळली की माझे समाधान होई. मोटारीचे झाकण उघडून आत पाहण्याचा प्रसंग मात्र मी स्वतःवर कधी येऊ दिला नाही.

आमच्याकडे एक वयस्क चालक होते. २००८ च्या आरंभी घेतलेली एक जीप त्यांच्या हाती होती. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, बॅटरीतले पाणी आटू लागते, टायर तापतात. हे गृहस्थ बॅटरीत पाणी घालावयास कधी विसरत नसत, आणि कडुनिंबाची सावली सरकेल तशी दुपारभर जीप सरकवीत. तेवढ्या डिझेलचा हिशेब मी एकदा त्यांना विचारल्याचे आठवते!

डिसेंबर आला की आमच्या कचेरीची झोप उडे. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी येथे भरावे असे ठरले, व १९६० पासून ते भरू लागले. त्या दिवसांत रविभवन आणि आमदार निवास यांच्या आवारांत जिल्ह्याजिल्ह्यांच्या मोटारी उभ्या असतात. चालक रात्री थंडीत गाडीतच अंग मुडपून पडतात. २०१२ च्या अशाच एका डिसेंबरात ह्या चालकांची चिठ्ठी माझ्यापुढे आली : ब्रेक मऊ लागतो, पॅडल खाली जाते, मागच्या चाकाशी तेल पाझरते आहे. दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवावी लागत आणि जीप तर अधिवेशनाच्या यादीत लागलेली. मी चिठ्ठीवर शेरा मारला, ‘अधिवेशनानंतर पाहावे’.

महाभारतात ऋतुपर्ण राजाला अयोध्येहून विदर्भात एका दिवसात पोचावयाचे असते. बाहुकाच्या रूपात वावरणारा नल त्यासाठी हडकुळे घोडे निवडतो. राजा रागावतो, नल त्यांच्या अंगावरचे भोवरे दाखवितो, तेव्हा राजा निवड त्याच्यावर सोपवितो. विदर्भात बसून ही कथा मला तेव्हा आठवू नये, याचे नवल वाटते. ऋतुपर्णाने निदान सारथ्याचे ऐकले होते.

आठव्या दिवशी उमरेडच्या रस्त्यावर, कापसाने भरलेली बैलगाडी पुढे असताना, ब्रेक लागेना. त्यांनी गिअर एकेक उतरवीत जीप रस्त्यालगतच्या तुरीच्या शेतात घातली. मागे बसलेल्या अधिकाऱ्यास खरचटले. चालकांचे मनगट मोडले. बैलांना धक्काही लागला नाही.

अहवाल मीच लिहिला. अपघाताचे कारण म्हणून मी लिहिले, ‘अचानक उद्भवलेला यांत्रिक दोष’. चालकांनी तो सावकाश वाचला. ‘अचानक’ या शब्दावर त्यांची नजर थांबली, असे मला वाटले. कदाचित तो माझ्या मनाचा खेळ असेल. मग त्यांनी डाव्या हाताने सही केली आणि एवढेच म्हणाले, “साहेब, ती चिठ्ठी फायलीत राहू द्या.” मी राहू दिली. ती काढून टाकण्याचे माझ्या मनात आले होते, हेही आता सांगून टाकतो.

पुढे केंद्र सरकारचा नियम आला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे उलटलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. देशाच्या संरक्षणाची आणि कायदा-सुव्यवस्थेची काही विशेष वाहने तेवढी वगळली होती. जुन्या इंजिनांचा धूर पाहता नियम वाजवी आहे, यात मला शंका नाही. परंतु वयाने मोजणारा नियम जपलेली आणि टाकलेली मोटार एकाच रांगेत उभी करतो. आमची जीपही त्या रांगेत गेली.

ती नेण्याच्या दिवशी ते चालक आले. सेवानिवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली होती. निरोप कोणी दिला, कोण जाणे. मी फाईल उघडून बसलो होतो. चिठ्ठी पिवळी पडली होती, माझा शेरा मात्र ठळक होता. मी ती त्यांच्यापुढे केली. त्यांनी चष्मा लावला नाही.

ते बाहेर गेले, जीपचे झाकण उघडले, तेलाची पट्टी काढून धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उजेडात धरली.

“तेल बराबर आहे, साहेब.”