रथाच्या जत्रेतले ‘पाताबाहार’

आषाढ लागला की महाराष्ट्राचे डोळे पंढरीच्या वाटेकडे लागतात. त्याच सुमारास कोलकात्याला वेध लागतात ते रथयात्रेचे. आषाढ शुद्ध द्वितीयेला रथ निघतो आणि दशमीला, म्हणजे आपल्या आषाढी एकादशीच्या आदल्याच दिवशी, ‘उलटा रथ’ परत फिरतो. या दिवसांत बंगाली कुटुंबाला तीन गोष्टी हव्यातच: गरम जिलबी, तळलेला पापड आणि जत्रेतून आणलेले एखादे रोप!

सियालदह स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेकडे थोडे चालले की मौलाली येते. इथली रथाची जत्रा रोपांसाठी प्रसिद्ध आहे. फळझाडे, फुलझाडे यांच्या गर्दीतही लाल, पिवळी, शेंदरी पाने मिरवणारे एक झाड लगेच नजरेत भरते. आपण त्याला क्रोटन म्हणतो. बंगालीत त्याचे नाव ‘पाताबाहार’. पाता म्हणजे पान, बाहार म्हणजे शोभा. फुले येतात तीही इतकी बारीक, की त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. सारा बहर पानांचाच!

हे झाड मूळचे इथले नव्हे. मोलुक्का बेटे आणि पॅसिफिक महासागरातील बेटे हे त्याचे माहेर. १८६०च्या दशकात जॉन गूल्ड व्हीच या इंग्रज वनस्पतिसंग्राहकाने तिकडून त्याचे अनेक प्रकार इंग्लंडमध्ये नेले आणि श्रीमंतांच्या काचघरांत त्याची हौस पसरली. त्याच दशकात, १८६२ मध्ये, सियालदहहून पूर्व बंगालकडे आगगाडी धावू लागली. पुढे १९४७च्या फाळणीनंतर त्याच मार्गाने निर्वासितांचे लोंढे आले. किती तरी कुटुंबांनी सियालदहच्या फलाटावरच दिवस काढले आणि मग या शहरात नव्याने मूळ धरले.

मूळ धरण्याचा मोसमही हाच. आषाढात हवा दमट असते. क्रोटनची फांदी छाटून मातीत खोचली किंवा फांदीवरची साल गोल काढून तिथे ओले शेवाळ बांधले, की काही आठवड्यांत मुळे फुटतात. रथाला रोप घ्यावे, या प्रथेमागे हा साधा हिशेब आहे.

पण खरी परीक्षा घरी आल्यावर. हौसेने आणलेले झाड दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले जाते. पंधरा दिवसांत पाने गळतात, नवी येतात ती नुसती हिरवी. ‘विक्रेत्याने फसवले’ म्हणून कुंडी बाहेर जाते! खरे तर जागा बदलली की क्रोटन पाने टाकतेच आणि पुरेसा उजेड नसेल तर रंग खुलत नाहीत. अशा वेळी खोड नखाने किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. त्याला खिडकीत किंवा गॅलरीत भरपूर उजेड द्यावा, माती ओलसर ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये. त्याचा चीक मात्र त्वचेला त्रासदायक आणि पोटात गेल्यास विषारी असतो. त्यामुळे लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नये.

जत्रेहून परतणाऱ्या माणसाला सियालदहच्या लोकलमध्ये स्वतःला उभे राहायला जागा मिळणे कठीण. तरी हातातले रोप तो जपून नेतो. घरी नेल्यावरही थोडे दिवस तसेच जपले, तर गळालेल्या पानांच्या जागी नवे रंग येतातच.