'हॅटफिल्ड आणि पुढे'

रॉक म्हटलं की होस्टेलवर दोनच पार्ट्या : पिंक फ्लॉइडवाले आणि मेटलवाले. दोघांनाही माहीत नसलेला एक बँड म्हणजे 'हॅटफिल्ड अँड द नॉर्थ'. लंडनमधून बाहेर पडताना ए-वन रस्त्यावर जी पाटी लागायची, तिच्यावरून उचललेलं हे नाव. म्हणजे आपल्याकडे कुणी 'खोपोली आणि पुढे' नाव ठेवावं, तसंच!

मंडळी चार. रिचर्ड सिंक्लेअर बेस वाजवणार आणि गाणार, फिल मिलर गिटारवर, पिप पाइल ड्रम्सवर आणि डेव्ह स्टुअर्ट ऑर्गनवर. (युरिदमिक्सवाला डेव्ह वेगळा बरं का!) १९७२ मध्ये जमले, १९७५ मध्ये पांगले. मागे राहिले दोन अल्बम, १९७४ आणि १९७५ चे. ताल असे की मोजायला बसलात तर बोटं पुरत नाहीत, आणि गाण्यांची नावं 'शेव्हिंग इज बोरिंग' छापाची. विद्वत्ता आणि वात्रटपणा एकाच ताटात!

पण खरी गंमत पुढेच आहे. तब्बल तीस वर्षांनी, २००५ आणि २००६ मध्ये, 'हॅटवाइज चॉइस' आणि 'हॅटिट्यूड' या दोन सीडी निघाल्या. त्यात १९७३ ते ७५ मधली कॉन्सर्ट्सची आणि बीबीसी रेडिओसाठी वाजवलेली रेकॉर्डिंग्ज. अल्बममध्ये सगळं कसं इस्त्री केलेलं. इथे मात्र चौघं एकमेकांचं ऐकत, कुठे वळायचं ते तिथल्या तिथे ठरवताना ऐकू येतात. २००६ मध्येच पिप पाइल गेला, २०१७ मध्ये फिल मिलर. आता ते चौघं पुन्हा जमणं नाही. त्या रात्री कुणी टेप चालू ठेवली नसती, तर हे वाजलं होतं याचा पत्ताही लागला नसता.

त्यांना तीन वर्षं मिळाली. आपल्याला इंजिनीअरिंगची चार मिळतात, म्हणजे एक जास्तच! आपल्या होस्टेलचा बँडही या मेमध्ये फुटणार. ड्रमर बंगळुरूला, गिटारवाला एमएसला, बेसवाल्याचं अजून बॅकलॉगवर अवलंबून. गॅदरिंगच्या स्टेजवरचा व्हिडिओ सगळ्यांकडे आहे. पण टेरेसवर रात्री अकराला, चुकत-माकत, शिव्या देत जे वाजतं, ते कुणाकडेच नाही.

तेव्हा मित्रांनो, एक रात्र मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. मध्ये वॉचमनकाकांची शिट्टी आली तर येऊ दे. तीही लागेल!