अप्पांना, सवानातून

स्कुकुझा, क्रूगर उद्यान
ऑगस्ट

ती. अप्पांस,
सा. न.

हत्ती भरपूर दिसले, सिंह नाही. तुम्हाला तसाही सिंहापेक्षा मातीत रस! इकडचा पट्टा ग्रॅनाइटचा. चढावर वाळूसर जमीन, उताराला चिकण. पाऊस वर्षाला जेमतेम ५५० मिलिमीटर. सध्या गवत वाळून पिवळं पडलंय आणि त्यात झाडं सुटी सुटी उभी आहेत.

ही दोघं एका रानात नांदतात कशी? हाइनरिश वॉल्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३९ साली सांगितलं, की वरच्या थरातलं पाणी गवताचं आणि त्याखाली झिरपेल ते झाडाचं. इतकी बिनतक्रार वाटणी मी भावकीत तरी पाहिलेली नाही. पुढे इथेच, क्रूगरमध्ये, निरनिराळ्या खोलीवर जड पाणी सोडून ते कोणाच्या अंगात उतरतं हे तपासलं गेलं. पावसाळ्यात झाड आणि गवत दोघंही मुख्यतः वरच्या वीतभर मातीतूनच पितात! झाडाची मुळं खाली जातात, पण वरचा वाटा ते सोडत नाही.

बांधावरच्या बाभळीखाली ज्वारी खुरटते, हे तुम्ही कधीपासून सांगता. इकडे उलटंही घडतं. केनियातल्या लायकिपियात झाडांभोवतीचं गवत काढून पाहिलं, तर रोपंच काय, मोठी झाडंही जोमाने वाढली. खुरपणीचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार?

तुमची,
सुमन


घान्झी, बोत्सवाना

ती. अप्पांस,

आता कालाहारीत आहे. नुसती वाळू. मेंढपाळांचं झाड म्हणतात ते बोसिया इथलंच. बोअर मारताना त्याचं मूळ ६८ मीटर खोल सापडल्याची नोंद आहे. म्हणजे वॉल्टरचं सगळंच चुकलं नव्हतं. कोरड्या महिन्यांत वरचा थर सुकतो, गवत मान टाकतं, तेव्हा झाडाला खालची ओल तारते. बरीच झाडं त्या जोरावर पहिल्या पावसाआधीच पालवतात, म्हणजे पाऊस आला की गवताच्या आधी तयार! मला तर ही वाटणी खोलीपेक्षा वेळेचीच जास्त वाटते. त्यातून वणवा आणि चरणारी जनावरं रोपांना वर येऊ देत नाहीत, ते वेगळंच.

वॉल्टर ज्या भागात हिंडला तो आजचा नामिबिया. उद्या तिकडेच निघते. पुढचं पत्र विंडहुकहून.

तुमची,
सुमन