गाणं काढून पाठवा

कोरोनात जत्रा बंद पडल्या तेव्हा आमच्या भागातल्या घोडेवाल्यांनी मोबाइलवरच घोड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि परीक्षक म्हणून मला गळ घातली. जनावरांच्या दवाखान्यात माझी उभी हयात गेली. आमच्या उंद्री गावात आणि आसपासच्या गावांत घोडे तसे थोडेच, आणि तेही बहुतेक वरातीचे. कोणी दत्तजयंतीला सारंगखेड्याहून आणलेला, कोणी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून. यात्रेत घोडा हाताशी असतो. जबडा उघडून दात बघता येतात, पायाच्या नळीवरून हात फिरवला की सूज कळते, दोरी धरून चार पावलं पळवून घेता येतो. फोटोत यातलं काहीच हाती लागत नाही. तरी मालकाची आशा तेवढीच असते, म्हणून गुण देणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते असं मला वाटतं.

पहिली अट मी आयोजकांना घातली ती गुणांच्या वाटणीची. बांधा ४०, पाय आणि खूर २५, चाल २५, निगा १०. ही वाटणी प्रवेशिका यायच्या आधी ठरली आणि सगळ्यांना कळवली. घोडे बघून मग वाटणी ठरवली की मनात भरलेल्या घोड्याच्या सोयीची होते, आणि ते आपल्याला कळतही नाही. दुसरी अट, मालकाचं नाव माझ्यापर्यंत यायचं नाही, फक्त क्रमांक. तालुक्यात सगळेच एकमेकांचे सोयरे. एकाने ओळखीतून फोन करून ‘आपल्या माणसाकडे बघा’ म्हटलंच. त्याला मी कोणता क्रमांक कोणाचा हेच मला माहीत नाही, एवढंच सांगू शकलो. दुसरे परीक्षक खामगावचे. आम्ही गुण आपापले लिहायचो, आणि फार तफावत आली तरच दोघं मिळून पुन्हा बघायचो.

मोबाइलचा कॅमेरा घोड्याच्या बाबतीत फार फसवा. जवळून काढलेल्या फोटोत जे पुढे असेल ते मोठं दिसतं. तोंडासमोर उभं राहून काढला तर डोकं घागरीएवढं आणि पुठ्ठे बारीक. खाली बसून काढला तर पाय लांबलचक. एका काळ्याभोर घोडीचा फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. मान ताठ, खांदा उचललेला, पाठीचा उतार देखणा. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा पुढचे खूर बांधाच्या मातीवर आणि मागचे खाली वावरात दिसले. खांद्याची ती उंची बांधाची होती. मालकाने मुद्दाम केलं असेल असं मी धरलं नाही. सगळ्यांनाच नव्याने फोटो मागवले: सपाट जमीन, झूल आणि साज उतरवलेला, कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर, लांब उभं राहून, दोन्ही बाजू, समोरून आणि मागून. यामुळे आणखी एक गोष्ट साधली. ज्याच्याकडे लग्नाचे फोटो काढणारा होता आणि ज्याच्याकडे काच तडकलेला मोबाइल होता, ते दोघे बरेचसे एका पातळीवर आले.

घोडा अनेक बाजूंनी बघायची रीत मोठ्या स्पर्धांतही असते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताला ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण मिळालं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. या खेळात परीक्षक रिंगणाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसतात आणि एकेका हालचालीला ० ते १० गुण देतात, कारण एका बाजूने सरळ दिसणारा घोडा दुसरीकडून तिरका चाललेला असतो. आम्ही चारही बाजू मागितल्या त्या याचसाठी.

चालीचे व्हिडिओ आले ते बहुतेक गाणी लावून. डीजेचा ठेका, मधेच थांबणारं चित्र, पुन्हा वेग. मी सगळ्यांना निरोप धाडला, गाणं काढून पाठवा. घोड्याची चाल जितकी डोळ्यांनी बघायची तितकीच कानांनी ऐकायची असते. दुडक्या चालीत टापांचे दोन ठोके सारख्या अंतराने पडतात. एक ठोका हलका पडला की कुठला तरी पाय दुखतोय. मग व्हिडिओ सावकाश चालवून मान बघायची. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली सोडतो. एका पांढऱ्या घोड्याच्या बाबतीत अगदी हेच दिसलं. मी गुण कापले, आणि नाल काढून खूर तपासून घ्या, असा निरोप आयोजकांमार्फत त्याच्या मालकाला दिला. गुणांपेक्षा तो निरोप महत्त्वाचा होता. मात्र रवाल चालीच्या घोड्याला हे माप लावायचं नाही. त्याचे ठोके वेगळे असतात, आणि ते न ओळखता त्याला लंगडा ठरवणं हा अन्याय आहे.

देवमणाचा प्रश्न निघणारच होता. गळ्यावर तो भोवरा असला की बाजारात किंमत चढते, आणि मालक त्याचा फोटो आवर्जून जोडतात. मी त्याला गुण दिले नाहीत. भोवऱ्याने पाय सरळ होत नाहीत की दम वाढत नाही. श्रद्धा मालकाची, तिचा मान राखतो. गुण घोड्याच्या अंगाचे.

जातींचं मात्र वेगळं. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडणारा उंच मारवाडी आणि भीमेच्या खोऱ्यातला काटक, बुटका भीमथडी यांना एका रांगेत उभं करून बघणं मला पटत नाही. मराठ्यांची घोडदौड या दख्खनी तट्टांवर झाली. जनावरांच्या जातींची नोंद करणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला तो होणारच. ज्याला त्याला त्याच्या जातीच्या मापाने तोलायचं.

निकालानंतर एक मालक घरी आला. “डॉक्टरसाहेब, माह्या घोडीले पायाचे गुण काहून कमी देल्ले?” मी त्याच्यासमोर कागद ठेवला. मागचे पाय ढोपरात आत वळलेले, डावा खूर बाहेरच्या बाजूने जास्त झिजलेला, प्रत्येक कापलेल्या गुणासमोर कारण लिहिलेलं. त्याने मोबाइलवर स्वतःचाच फोटो पुन्हा पाहिला. ढोपराचं त्याला पटलं. खुराचं पटलं नाही, नालबंदाने मागच्याच आठवड्यात कातरलाय म्हणाला. अर्धा तास आम्ही त्या एका खुरावर बोललो.

आयोजकांना फक्त पहिल्या तिघांची नावं जाहीर करायची होती. मी सगळ्यांचे कागद ज्याचे त्याला पाठवायला लावले, आणि खुरांचे फोटो खालूनही मागवायचे, हे पुढच्या वेळच्या नियमांत लिहून घेतलं.