त्याला कळतं का गं, कुठे जायचं ते?

परवा माळा आवरताना माझ्या पीएचडीच्या प्रबंधाची प्रत हाताला लागली. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं आणि शीर्षकात 'टार्गेटेड' हा शब्द. एकदा नव्हे, चांगला दोनदा! (त्या काळी आम्ही तो शब्द मिठासारखा सगळीकडे घालायचो.) उघडून बघितली नाही. मावशी आठवली.

२०१९ च्या मे महिन्यात मावशीचा अंडाशयाचा कॅन्सर उलटला. डॉक्टरांनी या वेळी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन द्यायचं ठरवलं. नाव ऐकून घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. हिचीच तर विद्या! रात्री मावशीचा फोन.

"तुझं ते नॅनो का काय, ते मला देणारेत म्हणे. त्याला कळतं का गं, कुठे जायचं ते?"

"कळतं की," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि पोटात कसंतरी झालं. कारण त्या औषधाला काहीही कळत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंचा फुगा. सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. आत औषध कोंबलेलं, बाहेरून पॉलिमरच्या धाग्यांची झूल, जेणेकरून शरीरातल्या भक्षक पेशींनी त्याला लगेच ओळखून गिळू नये. असा फुगा रक्तात काही दिवस फिरत राहतो. अमेरिकेत १९९५ मध्ये हे औषध मंजूर झालं. पण त्यावर पत्ता लिहिलेला नसतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या, गळक्या असतात. गळक्या नळाखाली पाणी साचावं तसं औषध तिथे साचतं, एवढीच त्यामागची कल्पना. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी ती १९८६ मध्ये मांडली. खरा मोठा फायदा वेगळाच आहे. हृदयातल्या वाहिन्या गळक्या नसतात, त्यामुळे साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला होणारी इजा यात बरीच टळते.

आमचं काम याच्या पुढचं होतं, फुग्यावर पत्ता चिकटवायचा. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवर फोलेट पकडणारे रिसेप्टर भरपूर असतात, म्हणून आम्ही फुग्याला फोलेट लावलं. काचेच्या बशीत काय सुंदर दिसायचं ते! सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या त्याच पेशी हिरव्या चमकायच्या. माझ्या प्रबंधात ते फोटो पानभर आहेत. उंदरात मात्र सगळ्यात जास्त चमकायचं ते यकृत. ते फोटो परिशिष्टात.

असं का होतं? एक तर कण रक्तात शिरला की लग्नात नवरदेवाला पाहुणे गराडा घालतात तशी रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. पत्ता त्याखाली झाकला जातो. दुसरं म्हणजे पत्ता वाचायला आधी त्या दारापर्यंत पोचावं लागतं, आणि वाटेत यकृत आणि प्लीहा बसलेले. रक्तातला परका कण गाळणं हेच त्यांचं काम. टोरांटोच्या एका गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले असे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा गाठीपर्यंत पोचणाऱ्या मात्रेचा मध्यक निघाला ०.७ टक्के. हजारातले सात.

गंमत म्हणजे ज्यांनी यकृताशी भांडण सोडलं, त्यांचं काम झालं. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध स्निग्ध कणांतूनच जातं. त्याला रक्तातलं एक प्रथिन चिकटतं आणि तेच त्याला यकृताच्या पेशीत घेऊन जातं. एमआरआयसाठी पूर्वी लोहाच्या ऑक्साइडचे कण टोचत. यकृतातल्या भक्षक पेशी ते गिळत, निरोगी भाग काळा पडे आणि अशा पेशी नसलेली गाठ उजळ दिसे. म्हणजे कण जिथे गेले नाहीत, तिथेच रोग! हे मला अजूनही फार हुशारीचं वाटतं.

असो. दुसऱ्या डोसनंतर मी मावशीकडे गेले, तर तिचे तळहात लालबुंद, साल निघालेली. तळपायांचंही तेच. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात आणि या औषधाने तो बऱ्याच जणांना होतो. हे कण घामावाटे तिथे उतरत असावेत असं एक मत आहे. चाळीस वर्षं रोज ज्वारीची भाकरी थापणारी बाई, तिला स्टीलचा पेला धरवत नव्हता.

"हे इथे कसं आलं गं? त्याला माहीत होतं ना?"

मग सगळं सांगितलं. गळके नळ, यकृत, माझे उंदीर, हजारातले सात. फोनवर खोटं बोलले तेही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाकीचे नऊशे त्र्याण्णव माझ्याच अंगात भटकतायत. आधी सांगितलं असतंस तर पहिल्या दिवसापासून हात जपले असते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गरम पाणी टाळ, घासू नकोस, गार शेक दे, हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

डॉक्टरांनी डोस कमी केला, अंतर वाढवलं. गाठी आक्रसल्या आणि वर्षभर तशाच राहिल्या. मावशी २०२१ मध्ये गेली. त्या वर्षभरात काकांनी भाकरी शिकून घेतली. जाड व्हायच्या, कडा फाटायच्या. मावशी खुर्चीवर, दोन्ही तळवे गार पाण्यात बुडवून, तिथूनच ओरडायची, "अहो, कडेने दाबा, मधे नको!"